पादुका आणि पायताण

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तांना पादुकांचं माहात्म्य मी पामराने काय सांगावं! इतर ठिकाणी भक्त मूर्तीपुढे माथा टेकतो, आपण पादुकांपुढे टेकतो. औदुंबरला विमल पादुका, नृसिंहवाडीला मनोहर पादुका, गाणगापूरला निर्गुण पादुका. गुरु डोळ्यांना दिसत नसले तरी ते इथून चालत गेले, इथे उभे राहिले, ही खूण आपल्याला पुरते. रामराया वनात गेले तेव्हा भरतानेही पादुकाच सिंहासनावर ठेवल्या आणि चौदा वर्षं त्यांच्या नावाने राज्य चालवलं.

आता भाविकांनी एका गोष्टीचा विचार करावा. ज्या वहाणा घालून आपण त्या पादुकांपर्यंत जातो, त्या देवळाबाहेर काढून ठेवतो. ते योग्यच आहे. पण त्या वहाणा करणारा माणूसही पिढ्यान्‌पिढ्या बाहेरच राहिला. पादुका डोक्यावर आणि पायताण करणारा उंबऱ्याबाहेर. मी त्या बाहेरच्या माणसाचा मुलगा. बँकेत अडतीस वर्षं कारकुनी केली, निवृत्त झालो आणि साठीनंतर पुन्हा रापी हातात घेतली. हे बरं केलं की वाईट, या प्रश्नाने गेली काही वर्षं मला सोडलेलं नाही. पारायण मंडळातल्या एका ज्येष्ठ मित्राने तो मला विचारला, घरच्या मुलाने विचारला, आणि पहाटे जपाला बसलो की मीही स्वतःला विचारतो. या अंकासाठी काही लिहा असं मंडळाने सांगितलं, तेव्हा दुसरा विषय सुचेना.

आमचं गाव शिरोळ तालुक्यात, वाडीपासून दोन-तीन मैलांवर. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. कृष्णा-पंचगंगेचा संगम, पलीकडे कुरुंदवाड. आमचे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, एरवी घरी पायताणं करायचे आणि पौर्णिमेला वाडीच्या वाटेवर गोणपाट टाकून बसायचे. लांबून चालत आलेल्या यात्रेकरूंचे अंगठे तुटलेले असत, वाद्या निघालेल्या असत. माणूस वहाण आबांपुढे टाकून दर्शनाला जायचा आणि परत येईपर्यंत ती दुरुस्त झालेली असायची. मी शेजारी बसून पाण्याच्या कुंडीत चामड्याचे तुकडे भिजवायचो. दत्तजयंतीला तर जेवायला उसंत नसायची. यात्रेकरू येताना कवठाची बर्फी आणायचे, कोणी एखादा तुकडा माझ्या हातावर ठेवायचा. वरून टाकायचा म्हणणं जास्त खरं. आबांनी स्वतः दर्शन घेतलं ते पादुकांचं नव्हे, पादुका पाहून आलेल्यांच्या पायांचं, असं मला आज वाटतं. तेव्हा काही वाटत नव्हतं. तेव्हा फक्त पाय दिसायचे.

घरी आबा अस्सल कोल्हापुरी करत. म्हशीचं कातडं, बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं. ते आधी भिजवायचं, दगडावर ठेवून हातोडीने ठोकायचं, मग रापीने तळ कापायचा. तळावर पान, मागे टाच, दोन बाजूंना कान, त्यांतून पट्टा आणि पुढे अंगठा. वेणीसाठी बकऱ्याचं मऊ कातडं. खिळा म्हणून कुठे नाही, चामड्याच्याच वादीने सगळं शिवायचं. आबा सांगायचे, "खिळा मारला की पाय शिव्या देतो आन्‌ वादीनं शिवलं की पाय इसरून जातो." चांगल्या वहाणेची खूण हीच, की घालणाऱ्याला तिची आठवण राहू नये. वयाच्या दहाव्या वर्षी मी आरीने सरळ टाके घालत होतो. अठराव्या वर्षी आख्खा जोड माझा मी करत होतो. आबा उलटासुलटा करून बघायचे आणि न बोलता विकायच्या ढिगात ठेवायचे. तीच शाबासकी.

1982 साली बी.कॉम. झालो, परीक्षा देऊन बँकेत लागलो. मुंबईची शाखा मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी आबा मला वाडीला घेऊन गेले. घाटावर, नदीकडे तोंड करून म्हणाले, "लेका, आता ह्या हत्याराला परत हात लावायचा न्हाई. म्हाराजांच्या म्होरं सांग." मी सांगितलं. बावीस वर्षांचं वय, नोकरीची ऑर्डर खिशात. असलं वचन द्यायला काय जड जातं? उलट सुटल्यासारखं वाटलं होतं.

मग डोंबिवलीत खोली, पुढे मानपाड्याला स्वतःचं घर, सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल. वचन मी नुसतं पाळलं नाही, जास्तच पाळलं. हत्याराला हात लावायचा नाही असं आबा म्हणाले होते. ते हत्यार आमच्या घरात होतं हेही मी कोणाला कळू दिलं नाही. दोन नोंदी इथे लिहितो. जुन्या आहेत, पण अजून पुसल्या गेलेल्या नाहीत.

पहिली नोंद. त्या काळी बँकेत दिवसअखेर सगळी व्हाउचरं एकत्र करून दाभणाने शिवत. ते काम दफ्तरीचं, पण तो रजेवर असला की मी करायचो. माझी शिलाई पाहून साहेब म्हणायचे, "काय हात आहे हो तुमचा!" मी हसायचो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनवाल्यांची रांग असे. 1991-92 चा सुमार असेल. एका म्हाताऱ्या आजींच्या चपलेचा अंगठा माझ्याच काउंटरसमोर तुटला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, "काही दोरा-बिरा आहे का रे बाबा?" खणात दाभण होतं, मेणवलेला दोरा होता, आणि चार टाक्यांचं काम. बाहेर काउंटरला दहा-बारा माणसं होती, बाजूला सहकारी होते. मी म्हणालो, "आजी, बाहेर कोपऱ्यावर बसलेला असतो बघा एक जण." त्या एक पाय अनवाणी ठेवून उन्हात गेल्या. कोपऱ्यावर "बसलेला एक जण" असं मी ज्याला म्हटलं, तो म्हणजे माझे आबाच की. वाडीच्या वाटेवर तेही त्या वेळी बसलेले असणार.

दुसरी नोंद याहून वाईट. आबा एकदाच डोंबिवलीला राहायला आले. शेजारी चहाला आले आणि सहज विचारलं, "तुमचे वडील काय करतात?" मी म्हणालो, "शेती असते गावाकडे." आमच्या घरात एक गुंठा जमीन नव्हती. आबा तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. कपातला चहा संपवला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "पौर्णिमा जवळ आली, जातो." त्यानंतर ते आले नाहीत. 1996 ला गेले.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. एखादी रक्कम येते, पण ती कुठल्या खात्यात टाकायची ते कळत नाही, कागद जुळत नाहीत. अशी नोंद तात्पुरती तिथे ठेवतात आणि यथावकाश जुळवून टाकतात. बरोबर न जुळलेली नोंद खात्यावर वर्षानुवर्षं दिसत राहते आणि प्रत्येक तपासणीत अधिकारी बोट ठेवतो. या दोन नोंदी माझ्या त्या खात्यात पडून होत्या.

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला. शिरोळ तालुका पाण्याखाली गेला. आमच्या जुन्या घराचीही एक भिंत पडली. पाणी ओसरल्यावर मी गावी गेलो. चुलतभावाने चिखलातून काढलेली एक लाकडी पेटी पुढे ठेवली. "आबांची हाय. टाकू का?" आत दोन रापी, आऱ्या, हातोडीचा नुसता लोखंडी भाग, मेणाचा काळा गोळा. रापीची मूठ कुजलेली, पात्याला गंजाचे थर. मी पेटी पिशवीत घालून मानपाड्याला आणली आणि माळ्यावर ठेवली. तेव्हाही मनात वचन होतंच. पुढच्या वर्षी मी निवृत्त झालो, टाळेबंदीत. निरोप समारंभ नाही, शाल-नारळ नाही. घरात बसून किती टीव्ही पाहायचा? एक दिवस रापी खाली काढली आणि दगडावर घासायला लागलो. फक्त गंज काढायचा म्हणून. गंज निघाला, धार दिसली आणि मग हात थांबेना.

हात विसरत नाही असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. टाके आठवत होते, पण बोटांत जोर नव्हता. डोळ्यांना चष्मा, तरी आरीचं भोक चुकायचं. चामडं किती वेळ भिजवायचं हे आबा हाताने चाचपून ठरवायचे, मी घड्याळ लावून बसलो. जास्त भिजलं की ताणून वाकडं होतं, कमी भिजलं की रापी अडते. पहिला जोड झाला तेव्हा डावी वहाण उजवीपेक्षा अर्धा बोट लांब. दुसऱ्या जोडाचा पट्टा इतका घट्ट, की आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "हे काय पाय आवळायचं यंत्र केलंय का?" चौथ्या जोडाला थोडं जमलं. रात्रभर तेल पाजून सकाळी घातला आणि मानपाडेश्वरापर्यंत चालत जाऊन आलो. पाय विसरला नाही, पण शिव्याही फारशा दिल्या नाहीत.

आणि मग आक्षेप सुरू झाले. ते एकेक करून मांडतो, कारण प्रत्येकात तथ्य आहे.

पहिला आक्षेप पारायण मंडळातल्या मित्राचा. माणूस सज्जन, गुरुचरित्राची कित्येक पारायणं झालेली. हलक्या आवाजात म्हणाले, "राग मानू नका, पण चामड्याला हात लावून पोथीला हात लावता, हे मनाला बरं वाटत नाही." मी रागावलो नाही. त्यांना विचारलं, "आपल्या आरतीत पखवाज वाजतो, तबला वाजतो. त्यांवर काय मढवलेलं असतं?" ते गप्प झाले. पखवाजाचं कातडं गाभाऱ्यासमोर चालतं, मृगाजिनावर बसून जप चालतो. म्हणजे कातडं अपवित्र नाही, ते कमावणारा हात तेवढा आपण अपवित्र मानत आलो. शुचिर्भूत होऊन पोथीला बसावं हे मला मान्य आहे. मी स्नान करूनच बसतो, आणि बँकेतल्या मळक्या नोटा दिवसभर मोजून आल्यावरही तसंच बसत होतो. तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

शिवाय आपल्या दत्तमहाराजांनी गुरु केले तरी कोणाला? अवधूताचे चोवीस गुरु भागवताच्या अकराव्या स्कंधात आले आहेत आणि नाथमहाराजांनी त्यांचा विस्तार मराठीत केला आहे. त्या यादीत पृथ्वी आहे, मधमाशी आहे, अजगर आहे, आणि एक शरकार म्हणजे बाण करणारा कारागीर आहे. तो बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढला होता, की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. अवधूताने त्याच्यापासून चित्ताची एकाग्रता घेतली. त्या कारागिराला मंत्र येत होता की नाही, त्याचा उल्लेख नाही. त्याला काम येत होतं. अवधूत राजाच्या स्वारीकडे पाहायला गेले नाहीत, ते कारागिराकडे पाहत राहिले. आपण पारायणात हा भाग वाचतो, आणि बाहेर कोपऱ्यावर मान खाली घालून टाका घालणाऱ्याकडे न बघता पुढे जातो. मी तर अडतीस वर्षं गेलो.

याच संदर्भात दुसऱ्या एका कल्याणची आठवण येते. आपल्या शेजारचं कल्याण नव्हे, बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथे महात्मा बसवेश्वरांचा मेळा होता. त्यात हरळय्या नावाचे चर्मकार शरण होते. कथा अशी, की बसवण्णांनी आपल्या नमस्काराला दोनदा नमस्कार केला, त्या एका जास्तीच्या नमस्काराचं ऋण कसं फेडायचं म्हणून हरळय्या आणि त्यांच्या पत्नी कल्याणम्मा यांनी स्वतःच्या मांडीचं कातडं काढून त्याच्या वहाणा केल्या. बसवण्णांनी त्या पायात घातल्या नाहीत, माथ्यावर ठेवल्या. पायताणाची पादुका झाली ती अशी. पुढे हरळय्यांच्या मुलाचं लग्न मधुवरस या ब्राह्मण मंत्र्याच्या मुलीशी झालं आणि त्यासाठी दोन्ही व्याह्यांना राजाने देहदंड दिला. माथ्यावर वहाण ठेवणं एक वेळ सोपं. सोयरीक जुळली तेव्हा खरी परीक्षा झाली.

दुसरा आक्षेप माझ्या मुलाचा. तो शिकलेला आहे, स्पष्ट बोलतो. म्हणाला, "बाबा, आजोबांनी तुम्हाला यातून बाहेर काढलं. बाबासाहेबांनी हेच सांगितलं ना, की जातीनं वाटून दिलेली कामं टाका? आणि तुम्ही छंद म्हणून परत तिकडेच जाता?" हा आक्षेप सर्वांत जड. बाबासाहेबांनी 1936 साली लिहिलं, की जात ही नुसती कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्यांचीच विभागणी आहे. जन्मानेच ठरलेलं काम, आणि त्यात आवड-निवड काही नाही. मी त्यावर विचार केला आणि मला गांधीजींच्या चपलांची गोष्ट आठवली. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर त्यांचे मित्र कॅलनबाख यांच्याकडून गांधीजी चपला करायला शिकले. कॅलनबाख ते ट्रॅपिस्ट साधूंच्या मठात शिकून आले होते. 1914 मध्ये देश सोडताना गांधीजींनी आपल्या हाताने केलेला जोड जनरल स्मट्स यांना भेट पाठवला, ज्यांनी त्यांना तुरुंगात टाकलं होतं त्यांनाच. स्मट्स यांनी त्या चपला अनेक उन्हाळे वापरल्या आणि 1939 साली, गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाला, आदराने परत पाठवल्या. एवढ्या मोठ्या माणसाच्या वहाणेत उभं राहायची आपली योग्यता नाही, अशा अर्थाचं त्यांनी म्हटलं.

मोठीच गोष्ट. पण मुलाने लगेच पकडलं, "गांधीजी बॅरिस्टर होते, बाबा. त्यांनी चप्पल केली तर त्याग झाला. आजोबांनी केली तर ती जात होती." चप्पल तीच, टाके तेच. मग फरक कशात? मला दिसतो तो एकाच गोष्टीत. गांधीजींना "नाही" म्हणता येत होतं, आबांना येत नव्हतं. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याच "हो" ला किंमत असते. आबांनी घाटावर माझ्याकडून वचन घेतलं ते मला हा "नाही" मिळावा म्हणून. मग ज्याला नाही म्हणता येतं त्याने हो म्हटलं तर चालतं का? मी मुलाला म्हणालो, "चालतं." तो म्हणाला, "तुमच्यापुरतं चालतं."

इथे गुरुचरित्रातली एक कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सत्ताविसाव्या अध्यायात वेदविद्येचा गर्व झालेले दोन ब्राह्मण श्रीगुरूंपुढे वाद मागतात. श्रीगुरु वाटेने जाणाऱ्या एका अंत्यजाला बोलावतात, सात रेघा ओढतात आणि एकेक रेघ ओलांडायला सांगतात. प्रत्येक रेघेबरोबर त्याला मागचे जन्म आठवतात आणि शेवटी तो वेद म्हणू लागतो. गर्विष्ठांची मान खाली जाते. ज्ञान जन्माला चिकटलेलं नसतं, हे श्रीगुरूंनी भरसभेत दाखवलं. लहानपणी आबांनी ही कथा मला पन्नासदा सांगितली असेल. पण ते तिथेच थांबायचे. अठ्ठाविसाव्या अध्यायात त्याच्या अंगावरचं भस्म पाण्याने धुतलं जातं, तो सगळं विसरतो आणि बायकामुलांबरोबर घरी परत जातो. हे मी मोठेपणी पोथीत वाचलं. श्रीगुरूंच्या लीलेचा अर्थ लावण्याची माझी पात्रता नाही, शंका तर मुळीच घेत नाही. एवढंच म्हणतो, की त्या अध्यायाला आलो की माझा आवाज बसतो. परत गेलेल्या त्या माणसाचं दुसऱ्या दिवशी काय झालं असेल? तो आपल्या नेहमीच्या कामाला लागला असेल. आणि मला सारखं वाटतं, की मी मात्र काहीही न विसरता परत आलो आहे. माझं भस्म धुतलेलं नाही. पेन्शन आहे, घर आहे, पोथी वाचता येते. माझं परत येणं आणि त्याचं परत जाणं एक नाही.

तिसरा आक्षेप मला कोणी बोलून दाखवला नव्हता, तो मला कोपऱ्यावर मिळाला. आमच्या रस्त्याच्या टोकाला छत्रीखाली एक गटई कारागीर बसतात. मूळचे मराठवाड्याकडचे. वादी कापताना माझी रापी अडू लागली म्हणून धार कशी लावायची ते विचारायला मी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी रापी हातात घेतली, उलटीपालटी केली, "जुनी आहे, काका. कुणाची?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी परक्या माणसाला खरं सांगितलं, "माझ्या वडिलांची. ते हेच काम करायचे." ते काही चकित वगैरे झाले नाहीत. धार लावून दिली. मग मी रोजच जाऊ लागलो. एक दिवस उत्साहाच्या भरात म्हणालो, "या कामात काय समाधान आहे हो! बँकेत कधी मिळालं नाही." त्यांनी टाका घालता घालता, वर न बघता उत्तर दिलं, "काका, तुम्हाला उठून जाता येतं."

एवढंच. पण अख्ख्या निबंधाचं उत्तर त्यात होतं. पाऊस आला, मी उठून घरी जातो, ते छत्री वाकडी करून बसतात. महापालिकेची गाडी आली, मी बघणारा आणि ते सामान उचलणारे. कामातलं समाधान खोटं नाही. पण ते भोगायला आधी पोट भरलेलं लागतं, आणि ज्याचं पोट त्याच कामावर आहे त्याला तुमचं समाधान म्हणजे थट्टा वाटू शकते.

हेच मोठ्या प्रमाणावर जगात चाललेलं दिसतं. 2019 साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांत केलेलीच वहाण कोल्हापुरी म्हणून विकता येते. गंमत अशी, की त्या हिशोबाने मी मानपाड्यात करतो ती कोल्हापुरी नव्हे! मग जून 2025 मध्ये इटलीतल्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच अंगठ्याच्या वहाणा दाखवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. इकडे ओरड झाली, तेव्हा त्यांनी प्रेरणा कुठली ते मान्य केलं. नाव मिळालं पाहिजे हे बरोबरच. पण मी कारकून, मला खतावणी दिसते. नाव हे गुडविल झालं. गुडविल कोणाच्या पुस्तकात जमा होतं आणि दिवसाची मजुरी कोणाच्या हातावर पडते, हे दोन वेगळे रकाने आहेत. परदेशात वहाण माथ्यावर गेली म्हणून ती करणाऱ्याची मुलगी शाळेत गेली, असं आपोआप होत नाही.

म्हणून मी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले. एक, मी केलेली वहाण विकणार नाही. दोन, दुरुस्तीचं काम घरी घेणार नाही. शेजारी आता ओळखतात, "काका, एवढा टाका घाला ना" म्हणतात. मी त्यांना घेऊन छत्रीखाली जातो. तिथे गर्दी असली तर बाजूला बसून टाका घालतो, पैसे त्यांच्या डब्यात पडतात. तीन, चामडं, मेण, दोरा यांचा खर्च माझा. पहिल्यांदा हे नियम मी त्यांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, "बघू किती दिवस टिकतं." चार वर्षं टिकलं आहे. त्यांच्या मुलीला बारावीला मी पुस्तपालन आणि लेखाकर्म शिकवलं. ती आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याकडून मात्र ते कसलंही वचन घेत नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "तिला काय करायचं ते ती करंल. सांगायचं कशाला?" आबांपेक्षा हे एक पाऊल पुढे आहेत, असं मला वाटलं.

गेल्या दत्तजयंतीला मंडळाच्या मांडवाबाहेर आम्ही दोघं गोणपाट टाकून बसलो. फुकट दुरुस्ती, त्यांच्या दिवसाची मजुरी मंडळाने दिली. संध्याकाळी पाळण्याची वेळ झाली, आत गजर सुरू झाला, आणि एका बाईंनी तुटका अंगठा माझ्यापुढे धरला. आमच्याच इमारतीतल्या. मी कोण हे पाहून त्या गडबडल्या, "अय्या, काका, तुम्ही? राहू द्या, राहू द्या." मी म्हणालो, "ताई, तुम्ही दर्शन घेऊन या, तोवर होतं." त्या आत गेल्या. चार टाके. काउंटरवरच्या आजींची ती चप्पल नव्हती, हे मला माहीत आहे. एका खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात भरून पहिलं खातं बंद होत नाही. तरी टाके घातले. माझा मुलगा मांडवाच्या दारात चपलांचे नंबर द्यायला उभा होता. शेजारच्या कोणीतरी त्याला विचारलेलं माझ्या कानावर आलं, "तुझे बाबा बाहेर काय करतायत?" तो म्हणाला, "आमचे आजोबा हे काम करायचे. वाडीला बसायचे." शेती म्हणाला नाही.

आता राहिलं आबांचं वचन. ते मी मोडलं. महाराजांपुढे घेतलेलं होतं, आणि मोडलं. आबांचा हेतू वेगळा होता, शब्दांच्या मागे जाऊन अर्थ बघावा, असं मला समजावणारे भेटले. वकिली करायची तर तीही करता येईल. पण बँकेत असं चालत नसे, नोंद आहे ती आहे. मोडलेलं वचन मी मोडलेलं म्हणूनच लिहितो. फक्त त्याच्या शेजारी दुसरी नोंद आहे, "शेती असते गावाकडे" ही. वचन पाळत राहिलो असतो तर ते खोटंही तसंच पाळलं गेलं असतं. दोन्हींतून एकच निवडायचं होतं. मी खोटं मोडलं, त्याबरोबर वचनही मोडलं. ते बरोबर झालं की नाही, याची तपासणी वर होईल. तिथले तपासनीस खातं उघडतील तेव्हा मी सही करायला हजर आहे.

दर गुरुवारी जपाला बसण्याआधी मी रापी पुसून, तेल लावून पेटीत ठेवतो. पेटी देवघरात नाही, देवघराच्या बाहेर, उंबऱ्यापाशी असते. आबांची जागा तीच होती. आत ठेवायचा विचार मनात आला होता, सौभाग्यवतींची हरकत नव्हती. पण मला वाटतं, दर्शनाला येणाऱ्याच्या वाटेवर कोणीतरी बसलेलं असावं, आणि आत जाताना आपली नजर एकदा त्याच्याकडे जावी. वाचकहो, या दत्तजयंतीला आपण दर्शनाला जाल, वहाणा बाहेर काढाल. त्या कोणी केल्या असतील, एवढं क्षणभर मनात आणा, आणि मग आत जा. पादुका तिथेच आहेत, त्या वाट बघतात.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!